वहीत माणसं एक

"घरात माणसं किती?" मल्हारनं विचारलं.

"एक. दिसत न्हाई व्हय तुला?" बायडाबाई उंबऱ्यातच पाय पसरून बसली होती. तिला ओलांडून आत जायची मलकापुरात कुणाची छाती नव्हती.

केबलवाला मल्हार गुडघ्यावर छापील कागद ठेवून लिहीत होता. नाव, मूळ गाव, माणसं, लेकरं, त्यांची वयं, दिवसा घरात कोण असतं.

"एवढं सगळं कशाला रं? तार जोडायचीय का सोयरीक करायचीय?"

"नवा मालक मागतोय, आजी. कुठल्या घरात कोण हाय, त्याला कळाय पायजे."

"आन कागद जातोय कुठं?"

"वहीत उतरवून घेतो."

"वही कुठं असती?"

"हापिसात, टेबलावर."

"वाचतंय कोण?"

मल्हार हसला. "येईल तो वाचतो. त्यात काय सोनं ठेवलंय?"

"मग लिही. माणसं एक. लेकरं न्हाईत. म्हातारी दिवसभर दारात बसून राखण करती. लिहिलंस?"

लिहिलं. तो गल्लीच्या टोकाला वळेपर्यंत ती हलली नाही. मग उठून तिनं मागच्या खोलीची कडी काढली.

आत अंजना भिंतीला पाठ लावून उभी होती. पाच वर्षांच्या प्रांजलच्या तोंडावर तिनं एक हात धरला होता. दुसरा मनगटात वाकडा होता.

ते मनगट बायडाबाईनं पहिल्यांदा बघितलं चार महिन्यांपूर्वी, कराडच्या दवाखान्यात. ती तिथं आया होती, नोकरीचा तो शेवटचा महिना. असली मनगटं तिनं तीस वर्षांत पुष्कळ बघितली होती, आणि "न्हाणीत पाय घसरला" हेही पुष्कळदा ऐकलं होतं. अंजनाचा नवरा नानासो माण तालुक्यातला, मुंबईत हमाली करणारा. पुढल्या खेपेला पोरगी घेऊन जातो, तुला तिचं तोंड दिसू देणार नाही, असं तो बजावून गेला होता.

बायडाबाईनं मायलेकींना रिक्षात घातलं आणि शेजारच्या मलकापुरात आपल्या घरी आणलं. "तुझ्या सासरची माणसं आमच्या आळीत पाणीसुदिक पीत न्हाईत," ती म्हणाली होती. "विहाराच्या मागं येऊन शोधायचं त्यांच्या सपनातबी येणार न्हाई."

पोरीच्या ताब्यासाठी कोर्टाची तारीख पंधरा दिवसांवर होती. तोवर पोरगी त्याच्या हाती लागू देऊ नका, असं वकीलबाईंनी दोनदा सांगितलं होतं.

पण पाच वर्षांच्या लेकराला खोलीत किती दाबून ठेवणार? मुंबईत असताना प्रांजलला शेजारच्या टीव्हीवर कार्टूनची सवय लागली होती. ते चालू असलं की दोन-दोन तास हूं नाही की चूं नाही. बंद पडलं की पोरगी थेट अंगणात.

आणि मल्हारनं नेमकं तेच बंद केलं. क्रिकेटची मॅच लागली की एखादं चॅनेल काढून तिथं मॅच घालायची, ही त्याची पद्धत.

बायडाबाई पदर खोचून हापिसात गेली. "मुडद्या, चॅनेल काय तुझ्या आज्ज्यानं लावलेलं झाड हाय, वाटंल तवा तोडाय?"

"आजी, उद्या लावतो की."

"तोंडी न्हाई चालत मला. दवाखान्यात आमी एका चादरीचीबी नोंद करायचो. लिही माझ्या नावाम्होरं. माझ्या डोळ्यांदेखत लिही."

मल्हारनं वही ओढून 'कार्टून बंद' असं लिहिलं. दोन इयत्ता शिकलेली बाई, पण अक्षर अक्षर बोट फिरवून तिनं वाचून घेतलं, तेव्हाच उठली. चॅनेल दुसऱ्या दिवशी आलं. आठवड्यानं पुन्हा मॅच, पुन्हा बायडाबाई, पुन्हा नोंद.

तिसऱ्यांदा गेली, आणि दारातच तिचा पाय अडला.

टेबलाशी एक माणूस उभा होता. अंजनाच्या लग्नाच्या फोटोतला. मिशी तेवढी दाट झाली होती.

"बायको हरवलीय," तो मल्हारला सांगत होता. "डोकं फिरलंय बिचारीचं. पोरगी हाय संगं, पाच वर्षांची. हितल्या स्टँडवर कुणी तरी बघितलं म्हणं."

"बघा की पाव्हणं." मल्हारनं वही त्याच्यापुढं सरकवली. "रेशनवाल्याकडंबी एवढी माहिती न्हाई. आजी, पुन्हा गेलं का?"

"न्हाई रं. सहज आलते." तोंडाशी आलेली शिवी बायडाबाईनं गिळली. आयुष्यात पहिल्यांदाच गिळली असेल.

नानासोचं बोट पानांवरून खाली सरकत होतं. लेकरांच्या रकान्याशी थांबायचं, पुढं जायचं. तिच्या पानाशी आलं.

"ह्या त्याच," मल्हार म्हणाला. "एकट्याच असत्यात."

नानासोनं हात जोडले, खिशातला फोटो दाखवला. "आजी, ही पोरगी दिसली का कुठं?"

"न्हाई बा."

त्यानं पानाकडं पुन्हा एकदा बघितलं, वही मिटली, आणि स्टँडच्या दिशेनं चालू लागला. बायडाबाई तो दिसेनासा होईतो उभी राहिली. मग तीन गल्ल्यांचा वळसा घालून घरी आली.

"तुझा नवरा वही वाचून गेला," तिनं अंजनाला सांगितलं, आणि अंजनाचा चेहरा उतरला तशी मांडीवर थाप मारून हसली. "माझ्या नावावर बोट ठिवून फुडं गेला, बाई! माणसं एक! त्यो मल्हाऱ्या शहाणा, आन मी दोन बुकं शिकलेली. कोण कुणाला पुरून उरलं?"

चार महिन्यांत अंजना पहिल्यांदा हसली. तिनं चहा टाकला. पाच वाजता चॅनेलही परत आलं, आणि प्रांजल टीव्हीसमोर टाळ्या पिटत बसली.

दार वाजलं.

"कोण हाय?"

"केबल, आजी."

"आता आलास व्हय, दिसाय लागल्यावर!" बायडाबाई पुटपुटत उठली. मायलेकींना आत ढकललं, मागची कडी घातली, आणि दार उघडलं.

नानासो हात जोडूनच उभा होता. तिच्या खांद्यावरून आत, चालू असलेल्या टीव्हीकडं बघत.

"वहीत तुमच्या दोन तक्रारी वाचल्या, आजी," तो हळू आवाजात म्हणाला. "माणसं एक, लेकरं न्हाईत. मग कार्टून कोण बघतंय?"