कागदावर आहे तसं

‘यंत्र तापू नये म्हणून तुम्ही थंडगार खोली बांधली, आणि बारा बायांनी दिवसभर लघवी दाबून बसायचं हेही तुम्हीच ठरवलं.’

‘आमची कंपनी काम करायला चांगली का?’ या छापील प्रश्नाखाली प्रियदर्शनीनं एवढंच लिहिलं. सही ठोकली आणि कागद गठ्ठ्यात सारला.

पुण्याचे पाहुणे अकराला येणार होते. मतदारयाद्यांचं मोठं काम द्यायच्या आधी त्यांना बघायचं होतं, सांगलीतल्या या कंप्युटरच्या कंपनीत माणसं सुखी आहेत का. साहेबांनी फळ्यावर उत्तरही लिहून ठेवलं होतं. खेळीमेळी, गारवा, दोन वेळचा चहा.

चहाला कोण शिवतंय! संडास होता, नाही असं नाही. साहेबांच्या केबिनमागं, पांढऱ्या फरशीचा, कुलपातला. किल्ली साहेबांच्या खिशात. बायांनी एस.टी. स्टँड गाठायचं, वर अर्ध्या दिवसाची रजा भरायची. म्हणून भर एप्रिलात या बाया पाणी पीत नव्हत्या.

गठ्ठा टाइप करायला आक्काताईकडं गेला. जतची लेक, सांगलीत दिलेली. सहावा महिना लागलेला. प्रियदर्शनीच्या कागदाशी ती थांबली. दोनदा वाचलं. मग तिची बोटं जी चालू लागली ती पूर्णविरामालाच थांबली.

पाहुणे आले. प्रिंटर करकरत कागद सोडू लागला. पाहुण्यांतल्या बाईंनी एक पान उचललं, वाचलं, आणि साहेबांकडं बघितलं. साहेबांनी ते पान जवळजवळ हिसकावलंच.

“हे कुणी टाइप केलं?”

“मी,” आक्काताई म्हणाली. “आवं साहेब, कागदावर हाय तसंच मारायचं, तुमीच म्हणता की.”

“अगं, पण डोकं आहे का नाही?”

“डोकं लावायचं न्हाई, हे बी तुमीच म्हणता.”

मागच्या रांगेत कुणीतरी फिस्सकन हसलं. साहेब लालबुंद झाले. सही बघून ते प्रियदर्शनीकडं वळले आणि दातांतल्या दातांत म्हणाले, “उद्यापासून यायचं नाही.”

ती खुर्ची मागं ढकलून उभी राहिली. आवाज तिनं दाबला नाही.

“उद्याचं उद्या बघू. आज मी कामावर हाय. ही आक्काताई सकाळी आठपासनं अवघडून बसलीया. चार वेळा उठली, चार वेळा गुमान बसली. तुमाला दिसलं न्हाई?”

“प्रियदर्शनी, पाहुण्यांसमोर—”

“पाहुण्यांसमोरच.” तिनं हात पुढं केला. “किल्ली देताय का न्हाई?”

आक्काताई कमरेवर हात ठेवून उठली आणि तिच्याशेजारी येऊन उभी राहिली.

“बोला की, साहेब.”