काठावरच्या चपला

"मीपण येते," म्हणत, माझ्या चपला हातात धरून ती माझ्याआधी होडीत चढली. मी बघतच राहिलो.

लग्नापासून दर दिवाळीनंतर आम्ही महाबळेश्वरला येतो. होडीत पाणी साचतं, म्हणून कोल्हापुरी चपला मी तिच्याकडे द्यायचो. ती पाण्याला घाबरायची. कितीही विनवलं तरी वेण्णा तलावाच्या काठावरच चपला मांडीवर घेऊन बसायची.

आज तिला ती भीतीच आठवत नव्हती. डॉक्टर म्हणाले होते, एकेक गोष्ट पुसली जाईल. तरी मला क्षणभर आनंदच झाला.

मी वल्हवत राहिलो. तलावाच्या मध्यावर ती अचानक कावरीबावरी झाली, चपला तिनं छातीशी धरल्या.

"दादा, होडी मागे घ्या ना," ती मला म्हणाली. "आमचे हे तिकडे काठावर अनवाणी उभे असतील."