पानाची सळसळ

मुलाने मूठभर आकाराचा स्पीकर पियानोवर ठेवला आणि बटण दाबलं. “ऐक आता. बाबांची तीच रेकॉर्ड. कंपनीने नव्याने काढलीये, धुऊनपुसून.”

म्हातारी खुर्चीत ताठ बसली. व्हायोलिन सुरू झालं, पाठोपाठ नवऱ्याचा पियानो. इतकी वर्षं लोकांनी ही सोनाटांची रेकॉर्ड डोक्यावर घेतली होती. वेष्टनावर व्हायोलिनवाल्याचं नाव ठळक, नवऱ्याचं त्याखाली बारीक. तिचं नव्हतंच. नसेना का! रेकॉर्डिंगच्या दिवशी नवऱ्याच्या डाव्या हाताला उभं राहून नोटेशनची पानं तिनेच उलटली होती. त्या नोटेशनमधलं तिला ओ की ठो कळत नव्हतं. नवऱ्याने हनुवटी हलवली की पान उलटायचं, एवढंच ठाऊक. एका संथ जागी, वाद्यं अगदी हळू झालेली असताना, पान सळसळलं आणि तेही रेकॉर्डमध्ये उतरलं. व्हायोलिनवाला भडकला, पुन्हा वाजवू म्हणाला. नवरा म्हणाला, “राहू दे. तीही आहेच की आपल्यात.”

ती जागा जवळ आली. म्हातारीने श्वास रोखला.

जागा निघून गेली.

“पान कुठाय?”

“काढलं ना! खरखर, खोकला, पानं, सगळं. कसलं स्वच्छ झालंय बघ.”

“हो. केर काढावा तसं. जुनी तबकडी लाव.”

“ती कुठून आणू? मागच्या खेपेला प्लेअरसकट देऊन टाकली. तूच म्हणालीस, अडगळ झालीये.”

“अडगळ मी प्लेअरला म्हटलं होतं.”

खाली हॉर्न वाजला. सून गाडीत खोळंबली होती.

“आई, रागावलीस?”

“मी कशाला रागावू? जा, बाईसाहेबांचा हॉर्न झिजेल. जाताना ते पहिल्यापासून लावून जा.”

त्याने लावलं आणि दार ओढून घेतलं.

म्हातारी गुडघ्यावर हात देत उठली. स्टुलाखालच्या खणातून पिवळं पडलेलं नोटेशनचं पुस्तक काढून तिने पियानोवर उघडलं आणि रिकाम्या स्टुलाच्या डावीकडे जाऊन उभी राहिली. संथ जागा आली. सवयीने तिची नजर स्टुलाकडे गेली, हनुवटीसाठी.

मग तिने पान उलटलं. चांगलं मोठ्याने.

आणि पुढच्या पानाचा कोपरा चिमटीत धरून तशीच उभी राहिली.