आण्णांचा शब्द

सासऱ्यांचा शर्ट धुवायला टाकण्याआधी प्रियानं तो नाकाजवळ नेला. पुन्हा तोच वास. पेट्रोलचा, आणि विमानाच्या पंखांवरच्या कापडाला देतात त्या रोगणाचा.

"आई, आण्णा काल धावपट्टीवर गेल्ते का?"

सासूबाई, बेबीनंदाबाई, गच्चीवर चादर वाळत घालत होत्या. "गेल्तो की आम्ही. इंजिन फिरवून न्हाई ठेवलं तर गंजतं ते." चादर एका बाजूला फडफडली. त्यांनी डोळे बारीक करून चादरीकडं पाहिलं. "वारा आडवा आहे. आज न्हाई जायचं."

हे त्या कुणाला सांगत होत्या ते प्रियाला कळलं नाही.

साहेबरावांनी, म्हणजे आण्णांनी, तरुणपणी कापसावर फवारणी करणारं विमान चालवलं होतं. पुढं कुठलासा फ्लाइंग क्लब बंद पडला तेव्हा त्यांनी तिथलं जुनं दोन सीटांचं विमान घेतलं आणि गावाबाहेरच्या धावपट्टीवरच्या शेडमध्ये ठेवलं. एकामागं एक बसायचं, पंखांवर ताणून बसवलेलं कापड. फाटलं की बेबीनंदाबाई सुईदोरा घेऊन बसत. त्या काळी विमान शेतावरून गेलं की बाया खुरपं हातात तसंच धरून वर बघायच्या. तीर्थपुरीच्या शाळेच्या पटांगणात लहानगी प्रियाही त्याच्या सावलीमागं धावली होती. त्याच घरात आपण सून होऊन येऊ हे तेव्हा तिला कुठं ठाऊक होतं?

मग आण्णांची नजर गेली. डावा डोळा पार गेला, उजव्यात धुकं. लायसन्सही गेलं. प्रियाच्या नवऱ्यानं, राजानंदनं, विमान विकायला काढलं, गिऱ्हाईकही बघितलं. आण्णा त्या दिवशी जेवले नाहीत. संध्याकाळी म्हणाले, "राजा, विमान वळवायची दांडी मी हातात धरली असं कळलं, तर त्याच दिवशी वीक. हा माझा शब्द. तवर राहू दे."

नोकरीसाठी मस्कतला निघताना राजानंद प्रियाला म्हणाला, "लक्ष ठेव. आण्णा शब्दाचे पक्के आहेत, पण विमानापुढं मला त्यांचाही भरवसा न्हाई. उडाले तर आईलाही घेऊन जातील. एकाच दिवशी दोघं जायचे माझे."

पहिलं वर्ष बरं गेलं. बेबीनंदाबाईच घरात फारशा नसायच्या. सारख्या धुळ्याला, विमानतळाजवळ राहणाऱ्या बहिणीकडं जायच्या, महिना-महिना राहायच्या आणि उन्हानं काळवंडून यायच्या. "तिला एकटीला करमत न्हाई," एवढंच सांगायच्या. आता त्या घरी होत्या, आणि हा वास सुरू झाला होता. दिवाणावरची एक जाड उशीही कुठं दिसत नव्हती.

दुपारी जेवताना आण्णा एकदम म्हणाले, "राजूरच्या देवळाचा कळस काय चमकून राह्यला होता म्हणे काल!"

बेबीनंदाबाईंचा वाढता हात थांबला.

"कुठून दिसला?" प्रियानं विचारलं.

"ह्यांना कुठं दिसतो?" बेबीनंदाबाई हसल्या. "मी दाखवला. डाव्या हाताला बघा म्हणलं, तर हे उजवीकडंच बघून राह्यले."

दोघंही हसत सुटले. धावपट्टीवरून राजूरचा कळस दिसत नाही, प्रियाच्या मनात आलं; तो दिसायला माणूस आभाळातच असायला हवा.

रविवारी ती अंबडला मैत्रिणीकडं जाते म्हणाली आणि स्कूटी सरळ धावपट्टीकडं वळवली. विमानाच्या शेडचं दार सताड उघडं. आत नुसते तेलाचे डाग. राखणदार कडूबा दारात बसून तंबाखू मळत होता.

"कडूबा, आण्णा कुठंयत?"

त्यानं वर बोट केलं, आणि लगेच जीभ चावली. "बाईंनी सांगितलंय, घरी कळू द्यायचं न्हाई. ताई, मला कशाला गोत्यात आणता?"

"आईपण वर आहेत?"

"त्यांच्याबिगर इमान जागचं हालत न्हाई. आण्णा बसले, बाई बसल्या, मी पंखा फिरवला. बस."

राजूरच्या बाजूनं ठिपका आला. जवळ येता येता वाऱ्यानं तो एका अंगाला कलला. प्रियानं कडूबाचा दंड घट्ट धरला. विमान सावरलं, एक चाक टेकलं, मग दुसरं. दह्यात बोट बुडावं तसं. न दिसणाऱ्या माणसाला हे कसं साधलं?

पुढं आण्णा होते, तोंड वर केलेले, लेकरासारखे खूश. मागं बेबीनंदाबाई. निळा स्कार्फ, चष्मा, आणि खाली दिवाणावरची उशी.

आण्णा पायानं जमीन चाचपत उतरले. "कोण, प्रिया? चपलेवरून ओळखलं."

"आण्णा, तुम्ही शब्द दिला होता."

"दिल्ता. पाळलाबी." आणि वर पुन्हा हसले.

प्रियाच्या डोळ्यांत पाणी आलं. "आई, तुम्हाला तरी जिवाची पर्वा हवी होती. मला मस्कतला ह्यांना सांगावंच लागेल."

बेबीनंदाबाईंनी उशी काखेत मारली. "सांग की. पण जसं पाहिलं तसंच सांग. पदरचं काही घालू नको."

प्रिया लिंबाखाली गेली आणि मस्कतला फोन लावला.

"अहो, आण्णांनी शब्द मोडला. मी डोळ्यांनी पाहिलं. आत्ता उतरले दोघं."

पलीकडं राजानंदनं सुस्कारा सोडला. "वाटलंच होतं. गिऱ्हाइकाला कळवतो. आई बरी आहे ना? पुढं बसवली होती ना तिला?"

"न्हाई. पुढं आण्णा होते. आई मागं, उशीवर."



"नक्की? आई मागं?"

"नक्की. का हो?"

"प्रिया," तो हळूच म्हणाला, "त्या विमानात चालवणारा मागं बसतो."