तीन एकर आणि हिरवं लुगडं

"पिशवी काहून दाबून बसली वं?" लीलाबाईनं विचारलं.

शालूनं मांडीवरची पिशवी आणखी जवळ ओढली. "काही नाई आत्या. कपडे हायेत."

कपडे! म्हणजे झालंच. ऑटो नांदगाव खंडेश्वरच्या रस्त्यानं उड्या मारत चालला होता. पुढं डायवर विपुलच्या बाजूला शालूचा भाऊ शेखर अंग चोरून बसला होता. लुगडं सकाळीच दिलेलं दिसतं पोरानं. त्याच्या बापानं, सहदेवनं, निदान सही झाल्यावर तरी दिलं होतं.

चाळीस वर्षं झाली त्याला. याच रस्त्यानं जाऊन लीलाबाईनं आपला हिस्सा भावाला, म्हणजे सहदेवला, सोडून दिला होता. बदल्यात एक हिरवं लुगडं. दुसऱ्या धुण्यात ते असं विटलं, की म्हशीच्या पाठीवर टाकलं तर म्हैस लाजून गोठ्याबाहेर येईना. असं लीलाबाईच सांगायची.

आता सहदेव गेला, आणि तीन एकरांच्या सातबाऱ्यावर शेखर-शालू दोघांची नावं लागली. शेखर अकोल्याला, जुन्या शहरात राहायचा. तिथंच मास्तर. शालू नवरा गेल्यावर माहेरी आली, ती बारा वर्षं वावरातच होती. झेंडू तिनं लावला, वांगी तिनं तोडली, अमरावतीच्या बाजारात माल नेऊन दरासाठी भांडली तीच. आणि परवा शेखरचा फोन आला, "आत्या, वावराचं हक्कसोड करायचं हाय. साक्षीदार म्हणून तू पायजे."

"येतो नं बाप्पा," लीलाबाई म्हणाली होती.

ती निघाली होती सही मोडायलाच. कशी मोडायची, तेही ठरवूनच निघाली होती.

तिनं पोलक्यात टोचणारं काहीतरी जरा बाजूला सरकवलं आणि घसा खाकरला.

"विपुल, तो किसनराव मालूम हाय का तुले? बहिणीचा हिस्सा खाल्ला त्यानं."

"मंग?"

"मंग काय, कपाशी फुटली. पण बोंडात कापूसच नाई! हिरवं सूत! बहिणीले लुगडं देलं होतं नं, त्याचंच."

विपुलनं ब्रेक दाबला. "काय सांगता?"

"वेचणाऱ्या बाया दिवसभर लुगडंच वेचत होत्या. विहिरीत मोटर सोडली त पाणी नाई, नुसती उचकी. बहीण आठवण काढे नं!"

"आत्या, माह्यं ऐक त..." शेखर मागं वळला.

"तूच ऐक! बुजगावणं पाखरं सोडून मालकालेच हाकले."

शेखर पुन्हा पुढं वळला. त्याची मान घामानं चमकत होती. लागलं वाटतं, लीलाबाई मनात म्हणाली.

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. त्याची बायको करिश्मा. आवाज पार मागच्या सीटपर्यंत आला.

"झाली का सही? सही झाल्याबिगर घरी येऊ नका, सांगून ठेवते!"

"भूकच लय बाप्पा एकेकाची," लीलाबाई पुटपुटली.

शालू रस्त्याकडेच्या तुरीकडं पाहून हसत होती. लीलाबाईनं ते पाहिलं. आपणही असेच हसत गेलो होतो. माहेरचं दार उघडं राहील म्हणून.

"पोरी, वावर तुह्या नावानं नसलं त मोटरीचं कनेक्शन भेटत नाई. पीकविमा भेटत नाई. मरमर करशीन तू, अन् कागदावर तू कोणीच नाई."

"मालूम हाय आत्या. बारा वर्षं तेच त ऐकून राहिली."

अन् तरी सही करायला चालली! लीलाबाईनं कपाळाला हात लावला.

कचेरीसमोर लिंबाखाली अर्जनवीस टेबल टाकून बसला होता. कागद टाइप होऊन तयार.

"साक्षीदारांचे आधार कार्ड द्या."

दुसरा साक्षीदार विपुल. त्यानं दिलं. लीलाबाईनं कमरेचा बटवा टेबलावर उलटा केला. दोन सुपाऱ्या, एक चुन्याची डबी, मोझरीच्या आश्रमातला सुकलेला प्रसाद.

"अवं माय! कार्ड घरीच राह्यलं."

"आत्या!" शेखर जवळपास ओरडलाच.

"वय झालं बाप्पा."

"मंग आज होत नाई," अर्जनवीस म्हणाला. "दुसरा साक्षीदार आणा, नाई त सोमवारी या."

लीलाबाईनं मनातल्या मनात फुगडी घातली.

पण शालू मटकन खाली बसली. तोंडाला पदर लावून हमसून हमसून रडायला लागली.

"अवं, रडते काहून? वाचली तू!"

"कशाची वाचली वो?" शालू हुंदक्यातून म्हणाली. "मोटरीच्या अर्जाची उद्या शेवटची तारीख हाय!"

"अन् मले सुटी आजचीच," शेखर म्हणाला. "सकायपासून सांगून राहिलो, ऐक त म्हणून. तू बोलू देशीन तवा नं."

लीलाबाई एकदा याच्याकडं, एकदा तिच्याकडं पाहत राहिली. अर्जनवीसानं वैतागून कागद उचलला आणि मोठ्यानं वाचला.

"हक्क सोडून देणार, शेखर वल्द सहदेव. लिहून घेणार, बहीण शालू."

शालूनं डोळे पुसले आणि मांडीवरची पिशवी उघडली. आत एक शर्टपीस, एक पँटपीस आणि पांढरी टोपी होती.

लीलाबाईनं पोलक्यात हात घातला.

"घे बाप्पा आधार कार्ड," ती म्हणाली. "सकायपासून टोचून राह्यलं होतं मले."