ताईचा नंबर

बायको गेल्याचं सांगायला तो ती कामाला होती त्या लाँड्रीत गेला, तेव्हा धुलाईची मशीनं चालू होती. ती मध्येच बंद करता येत नाहीत. त्यामुळे त्याला तेच वाक्य दोनदा सांगावं लागलं, दुसऱ्यांदा ओरडून. "ती गेली!" चादरींच्या घड्या घालणाऱ्या बायकांचे हात तेवढे थांबले.

महिनाही झाला नसेल, मदत कार्यालयातली मॅडम घरी तपासणीला आली. तो रंगारी होता. शिडीवरून पडून पाठ गेली तेव्हापासून घरीच होता आणि घर बायकोच्या पगारावर चालत होतं. आता भाड्यापुरती मदत मंजूर झाली तर खोली राहणार होती, नाहीतर नाही. मदत मिळायची ती ज्याच्याकडे ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त शिल्लक नाही त्यालाच.

"काका, बँकेत काही?"

"काही नाही."

"सोनं?"

"तिच्या कानातलं होतं. ते औषधांत गेलं."

"आणखी कुठे बचत?"

"बचत ती करायची, मॅडम. माझ्या दाढीच्या ब्लेडमध्ये, नाहीतर माझ्या चहाच्या साखरेत."

मॅडम हसली. पोरगी चांगली होती. 'नाही'वर खूण करायला तिने पेन टेकवलं, तेवढ्यात दारावर थाप पडली.

लाँड्रीतल्या तिघी जणी होत्या, पाळी सुटल्यावर तशाच आलेल्या. पुढे हेडबाई. तिने गाठ मारलेला एक उशीचा अभ्रा टेबलावर ठेवला आणि मॅडमकडे बघून विचारलं, "पुतणी का?" उत्तराला ती थांबली नाही. "भावोजी, ही भिशी. ताईचा नंबर पुढच्या वर्षी होता. पण आम्ही सगळ्यांनी ठरवलं, पहिला मान तिचा. ताईचे पैसे ताईच्या घरी."

"हेडबाई," तो म्हणाला, "या मदत कार्यालयातून आल्यात."

दुसरीने कपाळाला हात लावला. "तोंडाला कुलूप घाल, असं ताई हिला रोज सांगायची."

"ताईचे म्हणजे तसे नव्हेत," हेडबाई घाईने म्हणाली. "आमचेच आहेत. आम्ही बाराजणी दर महिन्याला टाकतो आणि एकीला सगळे देतो. जिला मिळाले, तिने पुढे वर्षभर टाकत राहायचं. भावोजी टाकतील, तुमची मदत सुरू झाली की थोडे थोडे."

"म्हणजे हे कर्ज आहे?" मॅडमने विचारलं. तिच्या आवाजात आशा होती, ती त्याला ऐकू आली.

"कर्जच समजा."

"कुठे लिहिलंय?"

तिघींनी एकमेकींकडे पाहिलं. "भिशी कोण लिहितं? तोंडी चालते. चौदा वर्षं चालतेय, एक पैसा इकडचा तिकडे नाही."

मॅडमने अभ्र्याची गाठ सोडायला सांगितली. नोटा मोजल्या गेल्या. रक्कम मर्यादेच्या वर होती, फार नाही, पण वर होती.

"तोंडी देणं आम्हाला धरता येत नाही," मॅडम म्हणाली. "घरात असलेली रक्कम मात्र धरावी लागते."

"मग आम्ही परत नेतो. दिलेच नव्हते समजा." हेडबाईने अभ्रा ओढला.

"नेऊ नका!" मॅडम जवळजवळ ओरडलीच. "आता नेलेत तर मला लिहावं लागेल की मदत मिळावी म्हणून यांनी पैसे दुसऱ्यांकडे सरकवले. मग वर्षभर यांना अर्जसुद्धा करता येणार नाही."

हेडबाईचा हात अभ्र्यावर तसाच राहिला. ठेवताही येईना, उचलताही येईना.

"मॅडम," तो म्हणाला, "तुम्ही अर्धा तास आधी आला असतात तर?"

"तर 'नाही' लिहून गेले असते."

"मग तेच लिहा ना."

"आता मी बघितलेत, काका."

त्याने मान हलवली. खोटं बोल असं दुसऱ्याला सांगायला त्यालाही जमत नव्हतं. "मग परत अर्ज कधी करायचा?"

"हे संपले की. भाडं यातून भरा, पावत्या ठेवा."

"पण हे यांचे आहेत. मी संपवू कसे?"

तिने कागद पुढे केला. सही घेतली, चपला घातल्या, दारात वळून म्हणाली, "मला खरंच वाईट वाटतंय."

"दिसतंय ते," तो म्हणाला. "जिना जपून उतरा. दिवा नाही."

ती गेल्यावर हेडबाई आपल्याच तोंडावर दोनदा चापट मारून खाली बसली. या महिन्याचा नंबर खरा तिसरीचा होता. आईच्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी तिने तो मागून घेतला होता आणि मग आपणहून सोडला होता. ती भिंतीला टेकून उभी होती.

"भाडं किती आहे हो, भावोजी?" तिने विचारलं.

त्याने सांगितलं. तिने बोटांवर हिशोब केला, मधेच सोडला.

मग किती ठेवायचे, बाकीच्यांना काय सांगायचं, पुढचा नंबर कशातून काढायचा, हेच बराच वेळ चाललं. सकाळची पाळी होती म्हणून तिघी उठल्या. अभ्रा टेबलावरच राहिला. त्याने त्यांना जिन्यापर्यंत सोडलं आणि दार लावून घेतलं.

तिघी आल्या होत्या त्या घटकाभर बसून ताईबद्दल बोलायला. ते राहूनच गेलं.