निर्जळीचं पुण्य

"पाणी किती पिता?" बाळंतपणानंतरच्या तपासणीत फिजिओथेरपिस्ट ताईंनी मला विचारलं. मी तोंड उघडायच्या आत सासूबाई कौतुकानं म्हणाल्या, "आमची सून आठवड्यातून तीनदा निर्जळी करते हो! अंगावर पाजतेय, तरी व्रत मोडत नाही. सगळी सोसायटी नाव काढते."

मी नम्रपणे मान खाली घातली. नम्रता मला छान जमते.

खरं सांगायचं तर बाळंतपणापासून नुसती शिंक आली तरी माझी लघवी गळायची. पूजेत सोवळं ओलं झालं की पुन्हा अंघोळ, पुन्हा पूजा. म्हणून मी पूजेच्या दिवशी पाणीच बंद केलं आणि ते देवाच्या नावावर खपवलं. बायका चक्क पाया पडायला लागल्या, मीही आशीर्वाद देऊ लागले. दूध मात्र आटत चाललं होतं आणि बाळ भुकेनं रडत होतं.

"आता जरा खोका," ताई म्हणाल्या. मी देवाचं नाव घेऊन खोकले, आणि माझी सगळी तपश्चर्या तिथल्या तिथे ओली झाली.

"अहो, ओटीपोटाखालचे स्नायू सैल पडलेत. व्यायामानं सुधारेल. पण पाणी आधी सुरू करा, बाळासाठी तरी!"

सासूबाईंकडे बघायची मला हिंमत होईना. त्यांनी टेबलावरचा पेला उचलून माझ्या हातात दिला. "पी."

मग खुर्ची पुढे ओढून त्यांनी ताईंना हळूच विचारलं, "हा व्यायाम साठीनंतर चालतो का हो? माझी निर्जळी हिच्या नवऱ्याच्या बारशापासून सुरू आहे."